नाव आणि गाव

“सरोजताई, ही रेकॉर्ड वाजायची नाही,” शब्बीरभाई काचेपलीकडून म्हणाले आणि त्यांनी ती दिव्यासमोर धरून दाखवली. काठापासून मधल्या कागदापर्यंत सरळ तडा गेला होता.

घड्याळात बारा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. रविवार होता, कार्यक्रम थेट चालू होता आणि आधीचं गाणं संपायला अडीच मिनिटं उरली होती. मी हो म्हटलं की नाही म्हटलं, आठवत नाही. हात मात्र पत्रांच्या ढिगाकडे गेला.

तेव्हा मी त्या रेडिओ केंद्रावर निवेदिका होते. जिल्ह्याचं लहानसं केंद्र. आमच्या कार्यक्रमाचं नाव ‘सूर आणि सय’. श्रोत्यांनी आवडीचं गाणं कळवायचं आणि त्या गाण्याशी जोडलेली आपली एक आठवण लिहायची. मी ती आठवण वाचायची, मग गाणं लावायचं. रविवारी दुपारी गावोगाव पारावर, शिंप्याच्या दुकानात, ओसरीवर हा कार्यक्रम लागलेला असे. आठवड्याला सातशे पत्रं यायची आणि मला त्याचा भारी तोरा होता. बाजारात भाजीवालीसुद्धा आवाजावरून ओळखून दोन मिरच्या जास्त टाकायची.

आमचे कार्यक्रम अधिकारी टेंभेकर साहेब यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवला होता. “आठवण छोटी केली तरी चालेल, पण नाव आणि गाव गाळायचं नाही. लोक गाण्यासाठी रेडिओ लावतात असं तुम्हाला वाटतं का? लोक आपल्या गावाचं नाव ऐकायला लावतात.” त्यांचं खरंच होतं. त्यामुळे दर रविवारी शेवटी मीच गोड आवाजात बजावायची, ‘ज्या पत्रावर पूर्ण नाव आणि पत्ता नसेल, त्या पत्राचा विचार केला जाणार नाही.’ तीन वर्षं बजावत होते.

तर मी पत्रांचा ढीग उलटापालटा केला. आमची नजर जावी म्हणून लोक पत्त्याच्या बाजूला कोपऱ्यात गाण्याचं नाव लिहीत. नागपंचमी जवळ आली होती, त्यामुळे झोक्याच्या गाण्याची रेकॉर्ड टेबलावर होतीच. बायकांच्या मेळ्यानं म्हटलेलं जुनं गाणं होतं ते. एका निळ्या आंतरदेशीय पत्राच्या कोपऱ्यात ‘झोक्याचं गाणं’ असं दिसलं. मी ते ओढलं, कात्रीनं कड कापली आणि शब्बीरभाईंना रेकॉर्डकडे बोट दाखवलं. त्यांनी सुटल्यासारखा श्वास टाकला.

पत्र घाईघाईनं डोळ्यांखालून घातलं. अक्षर शाळेतलं, गोल. लाल दिवा लागला आणि मी वाचायला लागले.

‘मी सात वर्षांची असताना मला विंचू चावला. वडील परगावी होते. आईनं मला लुगड्यानं पाठीशी बांधलं आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे पळत निघाली. तीन कोस वाट. मी झोपू नये म्हणून ती हे गाणं म्हणायची आणि मधेच थांबून म्हणायची, पुढचं तू म्हण. मी गप्प झाले की मांडीला चिमटा काढायची. आम्ही पोचलो तेव्हा दोघींचे आवाज बसले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरला आईला काही सांगताच येईना. तिनं नुसता माझा पाय पुढं केला.’

याच्या खाली अजून दोन वाक्यं होती. वेळ भरत आला होता, म्हणून मी ती गाळली. नाव-गाव मात्र गाळलं नाही. सवयीनं, ठळकपणे, दोन शब्दांत नीट अंतर सोडून म्हणाले, “ही आठवण कळवली आहे कांता यांनी, मुक्काम भोगलवाडी.”

गाणं सुरू झालं. मी पाणी प्यायले आणि पत्र घडी करून ठेवायला उचललं. घडी करताना ते उलटं झालं आणि डिंकाच्या पट्टीच्या आत, जिथं जागा संपली की लोक आडवं लिहितात, तिथं पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं.

‘ताई, नाव आणि गाव वाचू नका. पत्ता नसला तर तुम्ही गाणं लावत नाही म्हणून लिहिलाय. मालकाला कळलं तर जित्ती ठेवणार नाहीत. दोनदा विहिरीच्या काठावरून परत आले, तिसऱ्यांदा एस्टीत बसले. आई शेजारच्यांकडं रेडिओ ऐकते. तिला एवढं कळू द्या की मी आहे.’

मी बटण दाबून शब्बीरभाईंना म्हणाले, “भाई, गाणं किती आहे?”

“तीन मिनिटं दहा. एक झालं.”

“परत बोलायचंय मला. गाण्यानंतर लगेच.”

“पुढचं पत्र आहेच की.”

“पत्र नाही. चूक झालीय.”

मी पत्र काचेला लावलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाले, “आता काय बोलणार? बोललेलं मागं येतं का?”

मागं येत नाही, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. बायका गात होत्या, झोका वर चालला होता आणि मी डोळ्यांसमोर एकेक पार, एकेक दुकान आणत होते. कुठंतरी कुणीतरी मान वर करून म्हणत असेल, अरे, कांता म्हणजे आपली कांता का? ते नाव वाचायचं नव्हतं, असं सांगून चूक सुधारायची म्हणजे ती आणखी पक्की करायची. नुसतं गप्प बसावं तर भोगलवाडी तिथंच राहणार. एवढंसं गाव. दहा माणसांना विचारलं की अकराव्या दारात बाई सापडेल.

गाणं संपलं. लाल दिवा लागला. मी म्हणाले, “श्रोतेहो, एक दुरुस्ती. मघाशी दोन पत्रांचे पत्ते आपसांत मिसळले. भोगलवाडीचं पत्र होतं ते त्याआधीच्या गाण्यासाठी. झोक्याच्या गाण्याची आठवण आपल्याला नागपूरहून आली आहे. चुकीबद्दल क्षमस्व.”

नागपूर का, तर मोठं म्हणून. तिथं एक कांता कुणाला सापडणार? आधीच्या गाण्याचं पत्र एका निवृत्त मास्तरांचं होतं. आपण भोगलवाडीचे नसून चार पिढ्यांपासून आपल्याच गावचे आहोत, असं त्यांनी पुढच्या आठवड्यात चार पानी पत्र लिहून मला खडसावलं. ते पत्र वाचून हसू यायला हवं होतं.

सोमवारी टेंभेकर साहेबांनी बोलावलं. मी निळं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“तुम्ही केंद्रावरून खोटं बोललात.”

“हो साहेब.”

“ठरवून.”

“हो.”

“आणि वाचायच्या आधी पत्र पूर्ण बघितलं नाही.”

त्यांनी पत्र परत माझ्याकडे सरकवलं. “हे फायलीला लावायचं असतं,” ते म्हणाले. “तीन महिने. माहीत आहे ना?” मी पत्र पर्समध्ये घातलं आणि त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. त्याच दुपारी मी भोगलवाडीला बंद पाकिटातून चार ओळी पाठवल्या. माझ्या हातून नाव-गाव वाचलं गेलं, सांभाळून राहा, जमलं तर काही दिवस दुसरीकडे जा. पाकीट पोचायला तीन दिवस लागणार होते. माणूस एस्टीनं अर्ध्या दिवसात पोचतो.

तो मंगळवारी आला. पण भोगलवाडीला नाही, आमच्याकडे.

शिपाई सांगत आला, साहेबांनी बोलावलंय, कुणी भानुदास नावाचे गृहस्थ आलेत, सोबत एक म्हातारी आहे. मी खोलीत शिरले तेव्हा तो खुर्चीत टेकून बसला होता. पांढरे कडक कपडे, वय पस्तिशीचं, बोलणं अगदी आदबीचं. त्या आदबीचीच मला भीती वाटली. म्हातारी दाराजवळ जमिनीवर बसली होती. खुर्ची दिलेली असणार, पण ती बसली नव्हती. बारीक हाडाची, कपाळावर गोंदण, मांडीवर कापडी पिशवी.

“ह्याच का त्या रेडिओच्या बाई?” तो उठून नमस्कार करत म्हणाला. “आवाज ऐकलाय तुमचा. लई ग्वाड. ताई, माझी मंडळी दोन वर्सं झाली, घर सोडून गेलीया. कांता. डोक्यावर परिनाम झालाय तिच्या. ह्या तिच्या आई, गिरजाबाई. माझ्या सासूबाई. जिवाला घोर लागलाय वो आमच्या.”

“हो का,” मी म्हणाले.

“ते पत्र बघायचं हुतं.”

मी साहेबांकडे बघितलं. कार्यालयात खोटं न खपणारा माणूस. तीन महिने फायलीला लावायचं असतं, हे त्यांनीच मला काल सांगितलं होतं. ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, “श्रोत्यांची पत्रं आम्ही बाहेरच्या कुणाला दाखवत नाही.”

“मी बाहेरचा कसा? नवरा हाय.”

“पत्र लिहिणाऱ्या कांता तुमच्याच, हे कशावरून?”

“तेच बघाय आलो की. अक्षर ओळखतो मी.” त्यानं खिशातून घडी केलेलं वहीचं पान काढलं. किराणाची यादी होती, गोल अक्षरात. मी ती बघितली आणि माझी पर्स पोटाशी धरली.

“नाही दाखवता येत,” साहेब म्हणाले.

“बरं. मग ताई, येवढं तरी सांगा. गाव कंचं खरं? आधीचं का मागचं?”

“मागचं. नागपूर.”

“नागपुरात कुठं?”

“पत्त्यात एवढंच होतं.”

तो हसला. “तुम्हीच सांगता ना दर आइतवारी, पुरा पत्ता नसंल तर पत्र घेत न्हाई म्हणून?”

माझेच शब्द माझ्या गळ्यात अडकवून तो शांतपणे वाट बघत होता. मी काहीतरी बोलले असते आणि जे बोलले असते त्यात फसले असते. पण त्याला माझ्याकडून काही नकोच होतं. तो म्हातारीकडे वळला.

“मामी, तुम्ही सांगा. इंचू चावलावता का न्हाई कांताला?”

गिरजाबाईंनी पदर सारखा केला. “इंचू? न्हाई बा.”

“लहान असताना.”

“माझ्या पोरीला इंचू चावला आन मला ठाव न्हाई? मी आई हाय का कोन हाय?”

“आन झोक्याचं गानं?”

“झोक्याची गानी समद्या गावाला येत्यात. मला न्हाई येत. माझा गळा मुलखाचा भसाडा.”

तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग साहेबांना म्हणाला, “साहेब, येक इनंती हाय. ते गानं ह्यांच्याम्होरं लावा. हितंच. म्हातारी तोंडानं काय बी म्हनंल, तोंड बघितलं की मला कळतंय. आठवन ह्यांची न्हाई निघाली तर मी आपला घरला जातो. निघाली तर हितनं सरळ भोगलवाडीची एस्टी पकडतो. नागपूर बिगपूर मला सांगू नका.”

“हे रेडिओ केंद्र आहे,” साहेबांचा आवाज चढला. “इथं असले प्रकार चालत नाहीत.”

“लावा की,” गिरजाबाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही तिच्याकडे बघितलं.

“लावा. ह्याच्या मनाची शांती हू द्या. मला बी कळू दे, काय गानं हाय येवढं.”

नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी, पण नको म्हटलं असतं तर तेच उत्तर झालं असतं. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी शब्बीरभाईंना फोन केला. साहेबांच्या खोलीत भिंतीवर एक स्पीकर होता, स्टुडिओत जे वाजेल ते तिथं ऐकू यायचं. थोडी खरखर झाली आणि बायकांचा मेळा गायला लागला.

तीन मिनिटं दहा. इतकं लांब गाणं मी आयुष्यात दुसरं ऐकलेलं नाही.

भानुदास खुर्ची फिरवून तिच्यासमोर बसला होता, गुडघ्यावर कोपर टेकून. गिरजाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मेळा थांबला, नुसती ढोलकी राहिली, पुढची ओळ यायची होती, आणि मला ते ऐकू आलं. पुढचं तू म्हण. मी खाली बघितलं, नाहीतर माझ्याच तोंडानं सांगून टाकलं असतं. आणि खाली बघितलं म्हणून मला दिसलं. पिशवीखाली तिचा उजवा हात होता. तिनं स्वतःच्या मांडीचं मांस लुगड्यासकट चिमटीत धरलं होतं आणि ती ते पिळत होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. चेहऱ्यावर मात्र बाजारात भाव न पटलेल्या बाईचा कंटाळा.

“लई लांबाण लावलंय,” ती तिसऱ्या कडव्यात म्हणाली. “जावईबापू, दोनची एस्टी चुकंल. घरी शेरडू बांधून आलेय मी.”

भानुदासनं अजून थोडं बघितलं. मग हळूहळू पाठ टेकली. गाणं संपलं तेव्हा तो कुणाकडेच बघत नव्हता. “जाऊ द्या,” तो पुटपुटला. “दुसरी कुनीतरी.” किराणाच्या यादीची घडी त्यानं खिशात घातली आणि साहेबांशी गाडीच्या वेळांबद्दल बोलायला लागला.

“बाय, पानी मिळंल का?” गिरजाबाई मला म्हणाल्या.

माठ व्हरांड्याच्या टोकाला होता. त्या चालताना उजवा पाय किंचित ओढत होत्या. मी पेला भरून दिला. त्यांनी तो ओठांना लावला आणि न पिताच, पेल्याच्या आडून विचारलं, “जेवती का?”

पत्र पर्समध्ये होतं, पण मला ते काढायची गरज नव्हती. रविवारी वेळ नाही म्हणून गाळलेली ती दोन वाक्यं दोन दिवस माझ्या डोक्यात फिरत होती. “‘आता मी आश्रमशाळेत दीडशे पोरांच्या भाकरी थापते,’” मी म्हणाले. “‘थापताना हेच गाणं म्हणते, पण पुढचं म्हणायला कुणी नाही.’”

त्यांच्या तोंडावर एकदम हसू आलं. “तिला भाकरी येत नव्हती वो,” त्या म्हणाल्या. “मोडायची. काठाला मोडायची.” मग त्या पाणी प्यायल्या, सगळं, एका दमात. पेला परत देताना त्यांनी माझं मनगट धरलं. हात कोरडा होता, आणि चांगलाच ताकदीचा.

“ते गानं आता लावू नगा.”

“म्हणजे?”

“कंदीच लावू नगा. आज धकलं. उंद्या पारावर, कुनाच्या दारात, दहा मान्सांत लागलं तर माझं तोंड मला आवरायचं न्हाई. मी असंस्तोवर लावू नगा.”

मी हो म्हणाले. आतून भानुदासनं हाक मारली आणि त्या पाय ओढत गेल्या.

मी त्या रेकॉर्डच्या पाकिटावर लाल पेन्सिलीनं ‘खराब’ असं लिहिलं आणि ती कपाटात सगळ्यांत खाली ठेवली. टेंभेकर साहेबांनी ते पाहिलं. रेकॉर्ड अगदी धड आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खाली तारीख टाकून सही केली.

दर नागपंचमीला त्या गाण्यासाठी शंभरेक पत्रं यायची. दर वर्षी मी सांगायची की ती रेकॉर्ड वाजण्याजोगी राहिलेली नाही. भोगलवाडीहून मात्र काही आलं नाही. माझं पाकीट पोचलं का, ती तिथं राहिली का, त्यानं पुढं कधी एस्टी पकडली का, काही कळायला मार्ग नव्हता. वर्तमानपत्रात विहिरीत बाई सापडल्याची बातमी आली की मी आधी गावाचं नाव बघायची. रविवारी प्रत्येक पत्राच्या चारही कडा कापून, ते उलटंसुलटं करून, डिंकाच्या पट्टीच्या आत बघितल्याशिवाय मी वाचायला घेत नसे. शब्बीरभाई थट्टा करायचे, ताई, पत्र सोलू नका. मला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. लग्नानंतर नवऱ्यालाही मी ही गोष्ट सांगितली नाही. एका बाईचा जीव आपल्या तोंडातून बाहेर पडला, हे कसं सांगायचं?

अकरा वर्षांनी, नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात, निळं आंतरदेशीय पत्र आलं. कोपऱ्यात काही लिहिलेलं नव्हतं. मी चारही कडा कापल्या. अक्षर तेच, गोल, थोडं थकलेलं.

‘ताई, तुमचं पाकीट तेव्हा मिळालं होतं. मुख्याध्यापकांनी दोन महिने मला त्यांच्या घरी ठेवलं. मालकांनी पुढं दुसरा घरोबा केला, त्यांना आता माझी सय नाही. तुम्ही चुकून गाव वाचलंत म्हणून तेव्हा मी तुम्हाला शिव्या दिल्या होत्या. पण मी म्हटलं तसं तुम्ही नाव-गाव गाळलं असतं, तर आईला नुसतं मी जिवंत असल्याचं कळलं असतं. कुठं, ते कळलं नसतं. तुम्ही नागपूर म्हणालात ते तिला पटलंच नव्हतं. पुढच्या वर्षी भोगलवाडीच्या जत्रेला एक म्हातारी माझ्या चुलीपुढं येऊन बसली आणि म्हणाली, भाकरी दाखव. त्यानंतर आई दहा जत्रांना आली. दर वेळी आम्ही दोघी ते गाणं हळू आवाजात म्हणायचो, अर्धं ती, अर्धं मी. आई मागच्या महिन्यात गेली. ती असेपर्यंत लावू नका असं तिनं तुम्हाला सांगितलं होतं, ते मला ठाऊक आहे. आता लावा.’

मी पत्र उलटं केलं. डिंकाच्या पट्टीच्या आत पेन्सिलीनं आडवं लिहिलं होतं, ‘नाव आणि गाव दोन्ही वाचा.’

रविवारी मी कपाटातून रेकॉर्ड काढली आणि पाकिटावरचा ‘खराब’ हा शब्द खोडला. शब्बीरभाईंनी काही विचारलं नाही. लाल दिवा लागला. या वेळी मी जपून ठेवलेल्या पहिल्या पत्रातली आठवण पूर्ण वाचली, एक वाक्य न गाळता, आणि शेवटी नीट अंतर सोडून म्हणाले, “कांता, मुक्काम भोगलवाडी. आणि त्यांच्या आई, गिरजाबाई.”